खरे विषय

वेंडल स्टब्सला मी शाळेपासून ओळखते. तेव्हाही त्याला काही येत नव्हतं, फक्त दरारा निर्माण करता यायचा. हॉलिस क्रीकसारख्या ओक्लाहोमातल्या आडगावी तेवढ्यावर माणूस सॉफ्टबॉलचा कोच होतो, आणि मुली जिंकायला लागल्या की लोक त्याच्यासाठी उठून जागा देतात.

जिंकून देत होती माझी भाची टॅमसिन. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. उंच, अबोल पोर. तिने खालून फेकलेला चेंडू समोरच्या मुलीने बॅट उचलायच्या आत मागे झेलला गेलेला असायचा. माझ्या सलूनमध्ये येणाऱ्या बायका तिच्या उजव्या हाताचं कौतुक करायच्या. तिच्या डोक्यात काय चाललंय, हे कुणी कधी विचारलं नाही.

नियम साधा आहे. मोठ्या विद्यापीठाकडून खेळायचं तर शाळेत इंग्रजी, गणित, विज्ञान असे खरे विषय ठरल्याप्रमाणे पास व्हावे लागतात. खेळाडूंचे निकाल तपासायला वेगळं कार्यालय आहे, आणि कुठले विषय धरायचे ते तेच ठरवतं. हे स्टब्सला ठाऊक नव्हतं की ठाऊक करून घ्यायचा कंटाळा होता, ते मला अजून कळलेलं नाही. बीजगणिताचा तास सरावाच्या आड येत होता, म्हणून त्याने टॅमसिनला ‘घरखर्चाचं गणित’ नावाच्या वर्गात बसवलं. रसायनशास्त्राच्या जागी ‘आरोग्य आणि व्यायाम’. तिथे मुली पाय पसरून सिनेमे बघायच्या आणि झाडून सगळ्यांना ए श्रेणी मिळायची. मी विचारायला गेले तर म्हणाला, लॉरीन, तू लोकांचे केस बघ, पोरीचं मी बघतो.

एका मोठ्या विद्यापीठाने तिला खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ केली तेव्हा शाळेच्या जिममध्ये केक कापला. विद्यापीठाची टोपी टॅमसिनच्या आधी स्टब्सनेच घालून बघितली. भाषणभर ‘मी हिला घडवली’ चाललं होतं. टॅमसिन बिचारी केकवरचं क्रीम काट्याने बाजूला सारत बसली होती.

जूनमध्ये कार्यालयाने कळवलं की तिचं गणित धरता येत नाही आणि विज्ञानही कमी पडतंय. विद्यापीठाच्या कोचबाई फोनवर गोड बोलल्या. उन्हाळ्यात गणित भरून काढलंत तर बाकीचं बघू, नाहीतर तुलसा शहरातली एक मुलगी तयार आहे, म्हणाल्या.

स्टब्सने लगेच शाळेत उन्हाळी बीजगणित सुरू केलं. विद्यार्थिनी एकटी टॅमसिन, आणि शिकवायला भूगोलाचे पर्किन्स, जे एरवी स्टब्सच्या हाताखाली संघ सांभाळायचे. मी तिचा डबा द्यायला गेले तेव्हा तिच्यापुढे प्रश्नपत्रिका होती आणि शेजारी उत्तरांचा कागद. पहिलं गणित कसं सोडवायचं, असं तिने विचारलं. पर्किन्स कॉफीवर फुंकर घालत म्हणाले, उत्तर दिलंय ना शेजारी.

“पण ते असंच का येतं, सर?”

पर्किन्सनी दाराशी उभ्या असलेल्या स्टब्सकडे बघितलं. स्टब्स हसला. “अगं, तुला चेंडू टाकायचाय. फळ्याशी कोण उभं करणार आहे तुला?”

टॅमसिनने पेन्सिल खाली ठेवली. “मला हे येत नाही. यांनाही येत नाही. आणि तुम्ही मला यात पास करणार?”

“करणार. पोरी, सगळं गाव तुझ्यामागे उभंय.”

“गाव माझ्या हातामागे उभंय,” ती म्हणाली आणि डबा घेऊन माझ्याबरोबर गाडीत येऊन बसली. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून खूप रडली.

त्या वर्गात ती परत गेली नाही, आणि शिष्यवृत्ती तुलसातल्या मुलीला गेली. गावाने टॅमसिनला कृतघ्न ठरवलं. एक बाई माझ्याच खुर्चीत बसून मला म्हणाली, तिला समजव, कोचचं नाव खराब होतंय. मी तिची झुलपं जरा जास्तच आखूड कापली.

टॅमसिन कॅन्ससमधल्या एका छोट्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेली. तिथे सामने बघायला वाऱ्याशिवाय कोणी नसायचं. बीजगणित तिने अगदी मुळापासून घेतलं. पहिल्यांदा नापास झाली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा निकालाच्या दिवशी फोन आला.

“मावशी, सी मिळाला.”

मी म्हटलं, वा.

“ए नाही गं, सी,” ती म्हणाली. तिला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी ऐकलं होतं.

तिथून तिला एका साध्या विद्यापीठाने घेतलं. ती सुट्टीत घरी आली तेव्हा वाणसामानाच्या दुकानात स्टब्स हात पसरून पुढे आला. आमची पोरगी, असं त्याने गल्ल्यावरच्या बाईला अभिमानाने सांगितलं. टॅमसिनने हात मिळवला नाही. तिने एवढंच विचारलं, की आता जी मुलगी चेंडू टाकते ती कुठल्या वर्गात गणित शिकते. स्टब्स त्या मुलीच्या चेंडूचा वेग किती ते सांगत सुटला.

टॅमसिन संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेली आणि बराच वेळ तिच्या आईवडिलांशी बोलत बसली. पुढच्या सत्रापासून ती मुलगी सरावाला उशिरा पोहोचू लागली. स्टब्सने मला सलूनच्या दारात गाठलं आणि तुझ्या भाचीने त्या पोरीच्या डोक्यात काय भरलं, असं विचारलं.

“बीजगणित,” मी म्हटलं.

तो अजून काहीतरी बोलत होता. माझं गिऱ्हाईक ओल्या केसांनी खोळंबलं होतं, म्हणून मी दार लावून घेतलं.