वाकळीचे माप

माझे संपूर्ण नाव सुभेदार लालासाहेब यशवंतराव घार्गे, वय एकेचाळीस वर्षे, जन्म सातारा, हल्ली मुक्काम विश्रामबाग, सांगली. मी एक पत्र्याची पेटी आहे. पेटी हा शब्द स्त्रीलिंगी आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. तथापि माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात जे नाव लिहिले आहे ते पुरुषाचे आहे, आणि लिहिलेल्या मजकुराचा मान राखावा अशा मताचा मी असल्यामुळे मी ‘बोलतोय’ असेच म्हणणार.

याच नावाचे एक गृहस्थ आमच्या घरात राहतात. त्यांच्या अंगावर नाव कोठेही रंगविलेले नाही. तेव्हा नाव मुळात कोणाचे आणि ते पुढे कोणाकडे गेले, हे सुज्ञ वाचकाने ठरवावे.

माझे शिक्षण घरच्या घरी झाले. साताऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून उभे केले आणि तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद अंथरला. झाकण जेवढा वेळ उघडे राही तेवढ्या वेळात मी तो अक्षर लावून लावून वाचला. त्यात हळदीचे भाव आहेत, एक जाहीर नोटीस आहे, आणि एका भाषणाचा अर्धा वृत्तान्त आहे. उरलेला वृत्तान्त पान पाचवर पाहावा असे शेवटी छापले आहे. पान पाच मला अद्याप मिळालेले नाही. माझी भाषा कोणास जड वाटल्यास तो दोष त्या जाहीर नोटिशीचा समजावा.

सैन्यात आम्ही अठ्ठावीस वर्षे काढली. आरंभी माझ्यावर ‘शिपाई’ असे लिहिले होते. पुढे त्यावर रंग फासून नाईक, मग हवालदार, मग नायब सुभेदार आणि अखेरीस सुभेदार असे लिहिण्यात आले. प्रत्येक बढती मी झाकण मिटून, विनयाने स्वीकारली.

निवृत्तीनंतर आम्ही विश्रामबागेत राहू लागलो. सुभेदारांच्या पत्नी अंजनाबाई यांचे माहेर कडेगाव. हिवाळ्यात त्यांना थंडी फार बाधते. सुभेदारांनी सैन्यातून आणलेले कांबळे त्यांच्या मानेला टोचे. वाकळ, म्हणजे ज्याला पुस्तकात गोधडी म्हणतात ती, एक शिवून घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या गल्लीतले शिंपी जैनुद्दीन यांच्या पत्नी जरिनाबी मऊसूत वाकळी शिवून देतात. त्यांना सांगावे, असे बाईंनी सुचविले.

सुभेदारांना हे अपमानास्पद वाटले. सदऱ्याचे बटण आपण स्वतः लावतो, मोजे स्वतः रफू करतो, मग वाकळ दुसऱ्याने का शिवावी? ती आपणच शिवू, असे त्यांनी जाहीर केले. ही गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची.

वाकळीला जुने कापड लागते. सुभेदारांनी ते गोळा करण्यास प्रारंभ केला, आणि तो त्यांना ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने केला: त्यांनी कापडाची भरती काढली.

रविवारी सकाळी अंगणात कापडे रांगेत मांडली जात. प्रत्येकाची उंची आणि रुंदी घेतली जाई. मग ते उन्हापुढे धरून विरले आहे का ते पाहिले जाई, दोन्ही हातांनी ताणले जाई, आणि शेवटी बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडविले जाई. रंग सोडणारे कापड संकटात साथ सोडील, असे सुभेदारांचे म्हणणे होते. उत्तीर्ण झालेल्या कापडाला देणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावून माझ्यात दाखल करण्यात येई. कर्नाटकच्या सीमेकडचे मेंढपाळ बिराप्पा यांनी प्रेमाने घोंगडीचा एक तुकडा आणून दिला होता. सुभेदारांनी तो केस वाढलेले असल्याच्या कारणावरून परत पाठविला. बिराप्पा तो तुकडा घेऊन बराच वेळ फाटकाशी उभे होते.

मागण्याची लाज सुभेदारांना राहिली नाही. लग्नाला गेले तर वरमाईच्या जुन्या लुगड्यांची चौकशी करीत. दवाखान्यात गेले तर नाडी दाखवताना डाव्या हाताने पडदा चाचपीत. एका घरी समाचाराला गेले असता पंधरा मिनिटे खाली मान घालून बसले आणि मग अतिशय हळू आवाजात, गेलेल्या आजोबांची धोतरे कोणत्या मिलची होती, असे विचारले. घरच्यांनी दोन धोतरे दिली. माझ्या मते ती त्यांनी केवळ उठावे म्हणून दिली.

मी लवकरच गच्च भरलो. खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटे. झाकण लावताना सुभेदारांना माझ्यावर बसावे लागे, आणि सुभेदार माझ्यावर बसले की मला आणखी एक बढती मिळाल्यासारखे होई. उरलेले कापड कपाटात, मग माळ्यावर आणि शेवटी पलंगावर गेले. शिवण मात्र एक टाकाही नाही. भरती पूर्ण झाल्याशिवाय मोहीम उघडायची नाही, हे त्यांचे नेहमीचे उत्तर. अंजनाबाई तिसऱ्या हिवाळ्यात खाली चटईवर, त्याच टोचणाऱ्या कांबळ्यात झोपत होत्या, कारण पलंगावर भरती झालेली कापडे विश्रांती घेत होती.

एके दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाईंनी पिशवी भरली. त्यांचा आवाज चढला नव्हता.

“आवं, कापडाला पलंग आन् मला फरशी. मी भावाकडं कडेगावला चालले. वाकळ झाली की सांगावा धाडा. झाली न्हाई तर धाडू नका.”

सुभेदार सवयीने बोलून गेले, “किती दिवसांची रजा?”

बाईंनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. रजेचा अर्ज मागे राहिला नाही, तेव्हा ती रजा नव्हे, हे मला त्याच क्षणी कळले. सुभेदारांना दुसऱ्या दिवशी कळले.

पुढचा आठवडाभर ते पलंगाच्या कडेला, कापडांना धक्का लागणार नाही अशा बेताने बसून राहत. जेवणाचा डबा जरिनाबी पाठवीत. आठव्या दिवशी तो डबा घेऊन जैनुद्दीन स्वतः आले आणि त्यांनी आपली कात्री माझ्या झाकणावर ठेवली.

“सुभेदार, फौज लय झाली. आता लढाई करा, न्हाईतर भाभी काय परत येत न्हाईत.”

सुभेदारांनी माझ्यातून एक पातळ काढले, कात्री उचलली, चिठ्ठी वाचली आणि पातळ पुन्हा घडी करून ठेवले. असे पाच वेळा झाले. शेवटी ते म्हणाले, “जैनूभाई, माझ्यानं कापवत न्हाई. परत्येकाचं नाव मला म्हाईत हाय.”

जैनुद्दीन समजूतदार मनुष्य. त्यांनी दुकानातून कातरणाचे एक पोते आणून दिले. कातरण म्हणजे शिवून उरलेले तुकडे. ते आधीच कापलेले, आणि कोणाच्याही नावाचे नाहीत. सुभेदारांच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला. त्यांनी टेप घेतला, थोडा विचार केला आणि वाकळीसाठी माझे माप घेतले. लांबी छत्तीस इंच, रुंदी वीस इंच. मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट, योग्य ठिकाणी चौकशी झाली असेच वाटले. जैनुद्दीन यांना वाटले की सुभेदार आधी नमुना शिवून पाहत असतील, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

अकरा दिवस सुभेदार शिवत होते. दोरा तंबू शिवण्याचा, टाके एकास एक चिकटून, ओळी कवायतीसारख्या सरळ. कापडाचे सात थर घातले होते. बोटे सुजली, अंगठ्याला चिंध्या बांधल्या, पण त्यांनी हात थांबविला नाही. वाकळ पूर्ण झाल्यावर माझ्यातली सारी भरती बाहेर काढून ती माझ्यात ठेवून पाहिली. चारही बाजूंनी केसभरही फट नव्हती. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आले. मी त्यांना इतके समाधानी कधी पाहिले नव्हते.

मग आम्ही दोघे लालासाहेब एसटीने कडेगावला गेलो.

अंजनाबाईंचे बंधू उदयसिंह ऊसतोडीच्या गडबडीत होते. दारात मेहुणे आणि पेटी पाहून त्यांचा समज झाला की दाजी कायमचे राहायला आले. त्यांनी काही न विचारता लगेच खताची पोती हलवून एक खोली मोकळी करविली. आलेल्या माणसाला किती दिवस राहणार असे विचारायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. बाई आतून आल्या आणि खांबाशी उभ्या राहिल्या. सुभेदारांनी माझे झाकण उघडले, वाकळ दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि जमिनीवर ठेवली.

ती उभी राहिली. कोणीही न धरता, सरळ, भिंतीपासून हातभर दूर.

उदयसिंह सभ्यपणाने पुढे झाले, त्यांनी वाकळीवर बोटाने टकटक केले आणि विचारले, “दाजी, खुराड्याचं दार व्हय?”

अंजनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओसरीवर चटई टाकली, तिच्यावर आडव्या झाल्या आणि ती वस्तू अंगावर घेतली. गळ्यापाशी धरली तर पाय उघडे राहिले. पायांवर ओढली तर गळा उघडा पडला. आडवी घेतली तर ती पोटावर फळीसारखी तरंगू लागली. मग त्या उठून बसल्या.

“माप कुणाचं घेतलं?”

“पेटीचं.”

“मी पेटीत झोपते व्हय?”

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, “न्हाई. पन आमाला शिकवलंच तसं. जे आपलं म्हनायचं, ते पेटीत मावलं पायजे. दुसरं माप मी कवा घेतलंच न्हाई.”

“अठ्ठावीस वर्सं मी घरी हुते, पेटी तुमच्याबरूबर हुती,” बाई म्हणाल्या. “मी त्यात कवाच मावले न्हाई. आता घ्या की माझं माप.”

मला राग आला नाही, असे म्हटले तर ते असत्य होईल. परंतु नंतर विचार करता त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

बाईंनी घरातून कात्री आणि टेप आणला. टेप सुभेदारांच्या हाती दिला आणि ताठ उभ्या राहिल्या. सुभेदारांनी डोक्यापासून टाचेपर्यंत त्यांचे माप घेतले. चार फूट अकरा इंच. त्यांनी ते दोनदा घेतले. एवढ्या वर्षांत पत्नीची उंची आपणास ठाऊक नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आले.

मग बाईंनी अट सांगितली. कापायचे त्यांनी, शिवायचे सुभेदारांनी, आणि पेटी पुन्हा भरायची नाही. सुभेदारांनी मान डोलावली. बाईंनी कात्री उघडली आणि हात पुढे केला.

“साऱ्या गावाची कापडं मागितलीसा. तुमचं सवताचं एक तरी घातलं व्हय त्यात?”

सुभेदारांनी आठवून पाहिले. एकही नव्हते.

“अंगातला सदरा द्या.”

उदयसिंह नजर वळवून उसाकडे पाहू लागले. सुभेदारांनी एक एक बटण सोडले, सदरा काढला, व्यवस्थित घडी करून पत्नीच्या हातात दिला आणि बनियनवर सावधान उभे राहिले. बाईंनी घडी मोडली. पाठीचे कापड मऊ होते. कात्री त्यातून कर्र आवाज करीत सरळ खालपर्यंत गेली, आणि सुभेदार डोळे न मिटता पाहत राहिले.

ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्या सर्वांस या जाहीर नोटिशीद्वारे नम्र विनंती आहे की, आम्हाला भरण्यापूर्वी घरातील माणसांची मापे घ्यावीत. आम्ही पेट्या काहीही साठवितो आणि काहीही देत नाही. हा आमचा स्वभाव आहे, त्याला उपाय नाही.

यानंतर जे बदलले ते असे. अंजनाबाई दुसऱ्या दिवशी विश्रामबागेत परत आल्या. वाकळ अडीच महिन्यांत पूर्ण झाली. ती साडेपाच फूट लांब असून उभी राहत नाही. बाई पलंगावर झोपतात. उरलेले कापड जरिनाबींना देण्यात आले. पहिली वाकळ उदयसिंहांनी मागून घेतली व खुराड्याला लावली. माझ्यात आता ज्वारी असते, आणि माझे झाकण अंजनाबाई रोज दोन वेळा उघडतात.