अर्धा आवाज

मोठ्या गायकाच्या आधी जो एकटा गातो, त्याला आमच्या धंद्यात सगळं अर्धं मिळतं. अर्धे दिवे, अर्धा मंच, अर्धा आवाज. बाजूचे, चेहरा मोठा करून दाखवणारे पडदे तर बंदच. नंतर तो मोठा आला की लोकांना वाटलं पाहिजे, वा, आता खरं सुरू झालं! हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण सांगणारा माझा सख्खा भाऊ होता.

दादा एकोणीस वर्षं साउंडचं काम करतो. मैदानाच्या मधोमध मिक्सरमागे उभा राहतो, आणि कुणाचा आवाज किती हे त्याची बोटं ठरवतात. एका मोठ्या गायकाच्या आधी गायची ही संधी त्यानेच मिळवून दिली होती. मी त्रेचाळीस वर्षांची. दिवसा दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते आणि संध्याकाळी हॉटेलात गिटार घेऊन गाते, काट्याचमच्यांच्या साथीवर. बावीस वर्षांत माझं एकही गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. यात आईही आली. घरी मी काही गुणगुणायला लागले की तिला हमखास आठवतं, गॅस बारीक करायचा राहिलाय.

दुपारी मैदान रिकामं होतं. दादाने त्याचं ते गाणं लावलं होतं. प्रत्येक साउंडवाल्याचं एक ठरलेलं गाणं असतं. स्पीकर जुळवायला तो दर ठिकाणी तेच लावतो, म्हणजे कुठे काय कमी-जास्त होतंय ते कानाला लगेच कळतं. दादाचं गाणं कुठल्याशा बाईचं आहे, संथ, भरल्या गळ्याचं. कधीकाळी मी चार वर्षं त्याच्या वायरी गुंडाळल्या आहेत, त्यामुळे ते मला झोपेतही येतं.

"चार गाणी अर्ध्यावर," तो म्हणाला. "वरून हुकूम आहे."

"आणि पाचवं?"

पाचवं बाबांवरचं होतं. ते गेले त्या वर्षी केलेलं आणि आईला कधीच न ऐकवलेलं. घरात तिच्यासमोर बसून ते म्हणायची माझी छाती नव्हती. बारा हजार लोकांच्या आडून जमलं असतं. तिला तेवढ्यासाठीच बोलावलं होतं, आणि मनाशी ठरवलं होतं, हे एक गाणं तिच्यापर्यंत पोचलं तर पुढची बावीस वर्षं काटेचमचे चालतील. नाही पोचलं तर आपलं चुकलं म्हणायचं आणि दात मोजत बसायचं.

दादाने इकडेतिकडे पाहिलं. "पाचव्याला पूर्ण देतो. पण मला कळणार कसं? मी तेव्हा मोठ्या गायकाच्या सेटिंगमध्ये असणार. तुझी गाणी मोजत नाही बसणार, चिमणे."

"ते नुसत्या गळ्यानेच म्हणायचंय. मी गिटार उतरवून ठेवली की आवाज वर घे."

"ठरलं."

आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दोघंही धंद्यात मुरलेले ना!

मी मंचावर गेले तेव्हा ऊन पुरतं उतरलंही नव्हतं. लोक अजून खुर्च्या शोधत होते. पहिल्या रांगेतला एक जण माझ्याकडे पाठ करून मित्राला हातवारे करत होता, तो चारही गाणी तसाच उभा राहिला. माझा आवाज समोर जाऊन कुठेतरी मातीत जिरत होता. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण गाढव निदान समोर तोंड करून तरी उभं असतं. दुसऱ्या गाण्यानंतर चार टाळ्या पडल्या. तिसऱ्यानंतर त्याही नाहीत. मला लाज वाटली. आई तिसाव्या रांगेत होती, आणि तिच्या आजूबाजूचे लोक काय बोलत असतील तेच डोक्यात फिरत होतं.

चौथं संपलं. मी गिटारचा पट्टा डोक्यावरून काढला, गिटार स्टँडला टेकवली, डोळे मिटले आणि बाबांचं गाणं सुरू केलं.

पहिल्या ओळीचे चार शब्द झाले आणि माझ्यासमोरचा स्पीकर गप्प झाला. राहिला नुसता माझा उघडा गळा, न्हाणीघरात असतो तेवढा.

आमच्याकडे गायकाने गिटार उतरवली म्हणजे तो संपला. तेव्हा वायर ओढली गेली तर बारा हजार लोकांच्या कानांत फाडकन आवाज होतो, म्हणून साउंडवाल्याचा हात आधी सगळं बंद करतो. मग तो आपलं गाणं लावतो आणि पुढच्यासाठी स्पीकर जुळवायला घेतो. जित्याची खोड. एकोणीस वर्षांच्या हाताला दुपारचं बोलणं कुठून आठवणार?

ते बाईचं गाणं सुरू झालं. पूर्ण आवाजात. मी डोळे उघडले. मैदान डोलत होतं. पाठमोरा माणूससुद्धा वळला होता. माझं तोंड उघडंच होतं, आणि काय सांगू, ते आपोआप त्या बाईचे शब्द म्हणायला लागलं. एक अख्खं कडवं मी तशी उभी होते. मग निवेदक आला, माझ्या खांद्याला धरून "टाळ्या होऊन जाऊ देत" म्हणाला. टाळ्या खूप झाल्या.

माझी खोली म्हणजे घडीच्या खुर्च्या ठेवायची जागा होती. मी तिथे भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने दादा आला, गळ्यात हेडफोन तसाच.

"चिमणे, हाताने केलं गं. गिटार खाली गेलेली दिसली आणि..."

"तुला मी गाताना ऐकू नाही आले? चार शब्द झाले होते."

त्याने गळ्यातला हेडफोन काढला. मग म्हणाला, "मी हेडफोनवर मोठ्या गायकाचं सेटिंग ऐकत होतो. तुझं नव्हतो ऐकत. पहिल्यापासूनच."

तेवढ्यात रखवालदाराने आईला आत आणलं. मोतीबिंदूमुळे तिला खुर्च्या आणि आम्ही यातला फरक कळायला क्षणभर लागला. मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे गाल ओले होते.

"अगं, काय म्हटलंस ते शेवटचं! माझ्या शेजारची बाई रडत होती. मी सांगितलं तिला, माझी लेक आहे म्हणून. माइकवर तुझा आवाज मला ओळखूसुद्धा आला नाही बघ."

दादाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिटलं.

"आवडलं ना?" मी विचारलं.

"आजवर असं काही ऐकलं नव्हतं. परत म्हण ना. फक्त माझ्यासाठी."

आता बाबांचं म्हणता आलं असतं. पण ते ऐकताच तिला कळलं असतं की मगाचं माझं नव्हतं. तिचे हात अजून माझ्या गालांवर होते.

मी त्या बाईचं गाणं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादा खाली बघत वायरचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. आईने मान कलती करून, एकदाही मध्ये न बोलता, सगळं ऐकलं.

"छान," ती म्हणाली. "पण मगाशी जास्त छान झालं होतं."