खांबावरचे मुखरूभाऊ

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, चालेल. पण बिघडलेला म्हणू नका. मी एक जुना हिरवा बोर्ड आहे, तुमच्या तळहातावर मावेन एवढा. आरमोरीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात, खांबावरच्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम आहे. जंगलातल्या कॅमेऱ्याला वाघ दिसला की भोंगा वाजवायचा आणि रोज सकाळी सौर पॅनलवर ऊन पडले की गावाला सावध करायचे, ही माझी नोकरी.

माझ्या काठावर दोन इवल्या कळा आहेत. वीज आली की मी आधी त्यांच्याकडे बघतो, कारण जागे होताना कोणाचे ऐकायचे ते त्याच ठरवतात. एका रीतीने मी पोटातल्या मेमरीचे ऐकतो, दुसऱ्या रीतीने खाचेत बसवलेल्या कार्डाचे. तिसरी रीत मला मुळीच आवडत नाही. त्यात मी जागा असतो, पण पोटातले ओठांवर आणता येत नाही. वायरीतून कोणी काही सांगेल म्हणून नुसता वाट बघत बसतो.

माझ्या पोटात मुखरूभाऊंचा आवाज होता. मोहफुलांच्या दिवसांत ते बायांच्या टोळीपुढे काठी आपटत चालायचे. त्यांचा आवाज साऱ्या ओळखत, म्हणून सुनिल इंजिनीअरने तोच भरून घेतला. "बायाहो, एकट्या जाऊ नोका. वाकून मोहफुलं येचता, तं मांगंही पाहत जा," असे ते सांगत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, चहासाठी हाक मारली.

"थांब न वो, बोलून राह्यलो ना!" मुखरूभाऊ खेकसले. तेही भरले गेले.

सुनिल पुन्हा भरायला निघाला, तर बाया हसून म्हणाल्या, "राहू दे भाऊ, हेच बरं वाटते." वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या वर्षी मुखरूभाऊ तापाने गेले. मी मात्र रोज सकाळी वच्छलाबाईंना रागावत राहिलो. त्या टोपली घेऊन खांबाखाली उभ्या राहत, सगळे ऐकून घेत आणि मगच मोहाकडे जात.

मग सुनिलने शहरातल्या कोण्या बाईचा गोड आवाज कार्डावर आणला, कार्ड खाचेत बसवले, कळ सरकवली आणि गेला. दुसऱ्या सकाळी मी म्हणालो, "कृपया सतर्क राहावे." वच्छलाबाई बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. अहो, मुखरूभाऊ माझ्या पोटातच होते! ओरडून सांगावेसे वाटे. पण कळ सरकवायला मला बोट कुठे आहे?

या उन्हाळ्यात कार्ड तापून खराब झाले आणि मी मुका झालो. ऊर्जानगरहून करिश्मा नावाची तरुण इंजिनीअर आली. तिने मला खाली उतरवले, माझ्या कळा तिसऱ्या रीतीवर लावल्या आणि तिच्या लॅपटॉपची वायर जोडली. माझे पोट पुसून सगळे नव्याने भरायचे, असे तिने ठरवले होते. मी फार घाबरलो. मुखरूभाऊ दुसरीकडे कुठेच नव्हते.

वच्छलाबाई शेजारी येऊन बसल्या. "पोरी, याच्यात आमचे बुढे बोलत होते. हायेत का गेले?"

करिश्माचे बोट बटणावरच थांबले. "मले कोनी सांगतलंच नाई, बाई," ती म्हणाली. तिने वायर काढली, दोन्ही कळा पोटाच्या मेमरीकडे सरकवल्या आणि मला पुन्हा वीज दिली.

आधी थोडी खरखर झाली. मग मी माझ्या जुन्या आवाजात बोललो. वच्छलाबाई रडल्या. करिश्माने तो आवाज आधी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि मगच मला पुन्हा खांबावर चढवले.

मित्रांनो, जुनी वस्तू गप्प झाली की लगेच पुसायला धावू नका. तिच्यात कोण बोलत होते, ते आधी आजूबाजूच्या माणसांना विचारा.

आता रोज ऊन पडले की मी तेच बोलतो. मुखरूभाऊंच्या आवाजात एखादा नवा शब्द बोलता यावा, असे फार वाटते, पण जे भरले आहे तेवढेच माझ्याजवळ आहे. "थांब न वो, बोलून राह्यलो ना!" मी खेकसतो आणि गप्प होतो.

खाली वच्छलाबाई टोपली काखेत धरून उभ्या असतात. "थांबली नं जी," त्या म्हणतात, "बोला."