लुळी पडलेली काकडी

१९५८ साली कुणकेश्वराजवळच्या आमच्या वाडीत एक काकडी माणसाचा न्याय करायला बसली. काशीबाईच्या घरापुढच्या खळ्यात उभं राहायला जागा नव्हती. तिचा मुलगा होडीसकट बुडाला होता. त्याला सून जानकीने करणी करून मारलं का, हे घाटावरून आलेले जलसिद्धबाबा सांगणार होते. दोष निघाला तर जानकीने तान्हं पोर सासरी ठेवून गाव सोडायचं.

बाबांनी एकाच काकडीच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या, तीर्थाच्या दोन वाडग्यांत सोडल्या. एक काशीबाईच्या नावाची, एक जानकीच्या.

“सत्य ताठ उभं राहतं, पाप लोळागोळा होतं! आणि तीर्थाला जीभ लावाल तर जीभ झडेल!”

बाबांना आमच्या जिभांची फारच काळजी.

मग बाबांनी सगळ्यांना भजन म्हणायला लावलं. ते संपलं. काशीबाईची पट्टी कडक होती, जानकीची चिंधीसारखी लोंबत होती.

“खाल्ल्यान गो घोवाक!”

नवरा खाल्ला म्हणत बायकांनी जानकीचं पोर हिसकावून काशीबाईकडे दिलं. एकजण जानकीवर थुंकला, मग सगळेच थुंकले. फुकटचं पुण्य कोण सोडतो?

शाळेच्या मास्तरीण सुगंधाबाई पुढे आल्या. त्यांनी फूटपट्टी लावली. एक पट्टी लांबली होती, दुसरी आखडली होती. जानकीच्या वाडग्यात बोट बुडवून त्यांनी चाटलं.

“खारट!”

मग काशीबाईची कडक पट्टी त्यांनी त्याच वाडग्यात टाकली. “म्हणा पुन्हा भजन.”

भजन संपेतो तीही लुळी पडली आणि बाबा गर्दीतून पसार झाले.

गर्दीतला धोंडू ओरडला, “म्हणजे काशीबायनच झिलाक खाल्ल्यान!”

गावाला चेटकीण हवीच होती. बायको नाही तर आई, कुठलीही चालली असती.

“अरे, बाबाने या एकाच वाडग्यात घातलेलं हे मीठ आहे!” बाई कडाडल्या. “काकडीत पाण्याने भरलेल्या बारीक पेशी असतात. गोड्या पाण्यात त्या पाणी ओढून फुगतात. खाऱ्या पाण्यात त्यांच्यातलं पाणी पातळ पडद्यातून बाहेर जातं, त्या आकसतात. दरवर्षी कैऱ्या खारात घालता ना? त्या सुरकुततात तेव्हा कोणाला गावाबाहेर काढता?”

माना खाली गेल्या. जानकीने हात पसरले. “माजो झील माका दिया.”

काशीबाईने पोर छातीशी आवळलं. “मीठ ता मीठ, पटला माका. पण गाव जिच्यार थुकलो, तिका घरात कशी घेव?”

गर्दीने बाजूला सरून वाट करून दिली. जानकी एकटीच गेली.

वाचकहो, कोणी पाणी दाखवून माणसाला दोषी ठरवू लागलं, तर आधी ते पाणी चाखा. थुंकून झाल्यावर चाखलंत, तर आईला तिचं पोर परत मिळत नाही.