आत्यांचा उजवा हात

संगीतशाळेत तपासणीचं यंत्र आलं, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत आत्या सगळ्यांत पुढे होत्या. गाणं शिकवणाऱ्या या बाईंना शाळेतली सगळीच मुलं आत्या म्हणत. सख्खी भाची मात्र एकच, चिमणी. यंत्र म्हणजे एक टॅबलेट आणि त्याला जोडलेला माईक. पडद्यावर पाच रेघांवर लिहिलेली, कधी न ऐकलेली सुरावट येई. मुलांनी ती पाहून गायची. सूर लागला की टिंब हिरवं, चुकला की लाल. यंत्राला ना आत्या ना भाची. वरच्या वर्गासाठी सत्तर मार्क लागत.

चिमणीची कुणाला काळजी नव्हती. पाहून गाण्यात ती कायम पहिली, आणि ती वरच्या वर्गात गेली असं तिच्या बाबांनी तर निकालाआधीच चारचौघांत सांगून टाकलं होतं.

परीक्षेच्या खोलीत दोघीच होत्या. पूर्वी आत्या कागदात डोकं घालून एकेक सूर तपासायच्या. आता ते काम यंत्राचं. सुरावट त्यांनी एका नजरेत वाचून टाकली आणि करायला दुसरं काही नाही म्हणून गाणाऱ्या मुलीकडे पाहत बसल्या.

चिमणी पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आत्यांच्या मांडीवर होती. तिथे आत्यांचा उजवा हात, त्यांच्याही नकळत, चिमणीच्या गळ्याच्या जरासा आधी सुरांप्रमाणे वर-खाली होत होता.

टिंबं हिरवी होत गेली. शहाण्णव.

"हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"माझ्या हाताकडे बघून गाणं."

"पहिल्यापासून. सगळेच बघतात की! तू मुद्दाम करतेस ना, आम्हाला कळावं म्हणून?"

आपला वर्ग कसा घडाघडा वाचतो म्हणून आत्या इतकी वर्षं मिरवत होत्या, आणि वाचत होत्या एकट्या त्याच. त्यांना लाज वाटली. यंत्राला कान तेवढे होते, डोळे नव्हते. शहाण्णव पाठवले असते तर त्यानं हूं की चूं केलं नसतं.

पडद्यावर दोन बटणं होती, 'पाठवा' आणि 'पुन्हा'. पुन्हा घेतलं की आधीचे मार्क पुसले जात. आत्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांवर त्या चक्क बसल्या.

"'पुन्हा' दाब."

"नको ना गं आत्या. बाबांना काय सांगू?"

"दादाला मी सांगते. दाब."

नवी सुरावट आली. चिमणीनं सवयीनं मांडीकडे पाहिलं, मग नाइलाजानं पडद्याकडे. लाल. लाल. बोटानं रेघा मोजत ती अडखळत पुढे गेली. मध्येच एक टिंब हिरवं झालं, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. शेवटी आकडा आला, एकतीस.

मुंग्या आलेला हात बाहेर काढून आत्यांनी स्वतःच 'पाठवा' दाबलं. चिमणी डोळे पुसत निघून गेली.

पुढची मुलगी आत आली. पडद्याकडे ढुंकूनही न बघता तिनं आधी खुर्ची सरकवली, आत्यांचा उजवा हात नीट दिसेल अशी.