आठ मिनिटांचा थांबा

बसा, मित्रांनो. मला एवढंच म्हणता येतं, आणि कित्येक वर्षं तेही म्हणायची सोय नव्हती, कारण माझ्या बैठकीवर कांदे ठेवलेले असायचे. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, खास समुद्रकिनाऱ्यासाठी बनवलेली. माझी चौकट लाकडी आहे. कापड निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आहे आणि पाठीला वर्तमानपत्र ठेवायला एक खिसा आहे. ज्या सुताराने मला जोडलं तो अंगाने चांगला भरदार होता. तो माझ्यावर दणकन बसला, दोनदा डुलला आणि म्हणाला, "चला, मी मावलो म्हणजे कोणीही मावेल." ते माझं पहिलं कौतुक. तेव्हा मी अगदी फुलून गेले होते.

नऊ नंबरच्या बसचे चालक निवृत्त झाले, तेव्हा डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून मला त्यांना भेट दिलं. नऊ नंबरचा शेवटचा थांबा म्हणजे समुद्रकिनारा. एकतीस वर्षं या माणसाने हजारो लोकांना तिथे नेऊन सोडलं, पण स्वतः कधी वाळूत पाय ठेवला नाही. थांबा आठच मिनिटांचा असायचा. तेवढ्यात चहा प्यायचा, चाकं बघायची आणि गाडी वळवायची. भेट देताना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, एकतीस वर्षं समुद्राला पाठ दाखवलीत. आता जरा तोंड दाखवा."

घर किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत टॉवेलाएवढा समुद्र दिसायचा. पहिल्याच रविवारी चालक आणि त्यांची बायको मला घेऊन निघाले. किनाऱ्यावर पोचतात न पोचतात तोच भुरभुर सुरू झाली. वर्तमानपत्र खिशात कोंबून आम्ही माघारी आलो. "जाऊ की पुन्हा," ते म्हणाले, "समुद्र कुठे पळून चाललाय?"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं. कधी पाहुणे यायचे, कधी ऊन असायचं, कधी गुडघा दुखायचा. मला बाल्कनीत उभं केलं, मग उघडून माझ्यावर ओले टॉवेल टाकले, मग कांदे आले आणि कायमचे राहिले. दिवा बदलायला कांदे बाजूला सारून माझ्या चौकटीवर चढायचेसुद्धा. बारा तासांचा प्रवास करून चालकांच्या बायकोचा भाऊ यायचा, तो तीन दिवसांत पाच वेळा किनाऱ्यावर जायचा. तोवर यजमान घरात बसून त्याला बसच्या वेळा सांगायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मला वाईट वाटायचं. माझ्या कापडाला समुद्राचा वास नव्हता, कांद्याचा होता.

दरम्यान घरात नात जन्मली, मोठी झाली, दुसरीत गेली. चालकांना आता सगळे आजोबाच म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला आजी. एका शुक्रवारी आजी मला बघून म्हणाली, "उद्या भंगारवाला येईल, ही देऊन टाकते. नुसती जागा अडवते." आजोबा वर्तमानपत्रातून वर न बघता "हं" म्हणाले. माझा तर धीरच सुटला.

त्याच दुपारी नगरपालिकेकडून एक मुलगी पाहणीचा कागद घेऊन दारात आली. तिने विचारलं, "आजोबा, समुद्रावर किती वेळा जाता? रोज, आठवड्यातून, वर्षातून, की कधीच नाही?"

"रोज लिही," आजोबा म्हणाले. "कधी कधी दिवसातून नऊ वेळा."

मुलीने पेन थांबवलं. "पाण्यात उतरता का?"

"बस पाण्यात कशी उतरेल?"

आतून आजी म्हणाली, "अगं, बस जायची रोज. हे नाही जात."

आजोबा खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. खरंच त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आपण समुद्रावर जाऊन आलोय. नातीला मात्र आजोबांची बाजू पडलेली बघवेना. "जातात आजोबा. त्यांची समुद्राची खुर्ची आहे," असं म्हणत तिने मला ओढत आणलं. कांदे घरभर पळाले. माझ्या खिशातून ते जुनं वर्तमानपत्र पडलं. नातीने बोट ठेवून तारीख वाचली आणि म्हणाली, "आजोबा, तेव्हा तर मी जन्मलेच नव्हते."

आजोबांचा चेहरा पडला. मुलगी हळूच म्हणाली, "मग 'कधीच नाही'वर खूण करू?"

"थांब जरा. आत्ता नको करूस."

"बरं. वरचे मजले उरकून पाचला येते, तेव्हा सांगा."

पाच वाजता ती आली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि त्यावर नातीच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'समुद्रावर आहोत. उत्तर तिथे आहे.'

मी वाळूत पाय रोवून उभी होते. आजोबांनी बूट काढले, पाणी पायाला लावून आले आणि माझ्यावर टेकले. मी कुरकुरले, पण आनंदाने. आणि बरोबर आठ मिनिटांनी ते उठले. कोणी हाक मारली नव्हती. एकतीस वर्षांची सवय अंगातच मुरली होती. आजीने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा," ती म्हणाली. "गाडी आज दुसरा वळवेल." आजोबा बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

पाहणीची मुलगी चपला हातात घेऊन आली. आजोबांनी तिलाच विचारलं, "तू कुठे राहतेस?"

"दोन गल्ल्या पलीकडे."

"आणि समुद्रावर?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग हसली. "मागच्या वर्षी आले होते. बहुतेक." आजोबांनी उठून मला तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस. आठ मिनिटं तरी."

शनिवारी भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला. कांद्यांना नवी टोपली मिळाली. माझ्या शिवणीत आता वाळू आहे आणि ती झाडायची नाही अशी नातीची ताकीद आहे. समुद्र कुठे पळून जात नाही हे खरं, मित्रांनो, पण कापड विरतं आणि गुडघे दुखतात. तुमच्या बाल्कनीत माझं एखादं भावंड असेल, तर आज तेवढे कांदे उतरवा.