श्वास थांबल्याची खात्री

घरात तिला सगळे छोटी म्हणत. कानशिलांवरचे केस पांढरे झाले, तिच्या हाताखाली माणसं आली, तरी ते नाव काही सुटलं नाही. कारखाना तिचा आणि दादाचा. माल एकच, पाळण्यावर टांगायचं वाटीएवढं यंत्र. बाळाला हात न लावता ते त्याच्या छातीची हालचाल टिपायचं, आणि श्वास थांबला की असं कोकलायचं की गाढ झोपलेली आई ताडकन उठून बसावी. दादाचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं. त्यानंतर छोटीनं जिवाचं रान करून ते यंत्र बनवलं.

युद्ध पेटलं ते दूर, दुसऱ्याच दोन देशांत. पण जो तो देश शस्त्रं जमवायला धावला. तांबं कडाडलं, यंत्राला लागणाऱ्या चिपा मिळेनाशा झाल्या, महागाईनं लोकांचे हात आखडले. पाळण्याचं यंत्र कोण घेतो? कारखान्यात आधी रात्रपाळी बंद झाली, मग कामगारांना आलटूनपालटून घरी बसवायची वेळ आली.

अशात एक दिवस दादा हसतच आत आला.

"सैन्याचं काम मिळालंय. इमारतीत अडकलेली माणसं शोधायची. तुझं यंत्र भिंतीपलीकडचा श्वास टिपेल का?"

"टिपेल की. जरा डोकं खाजवावं लागेल."

छोटी तहानभूक विसरून कामाला लागली. ढिगाऱ्याखालून कुणीतरी जिवंत बाहेर येईल, या विचारानंच तिला हुरूप यायचा.

चाचणी शहराबाहेरच्या मैदानावर होती. एका रिकाम्या इमारतीच्या तळघरात काही सैनिक बसवले होते. तंबूत पडद्यासमोर छोटी, दादा आणि चाचणीची प्रमुख, एक मृदू बोलणारी कर्नलबाई. पोटात छोटीचं यंत्र घेऊन ड्रोन इमारतीवर घिरट्या घालू लागलं आणि पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. श्वासाबरोबर ते फुगत होते, आक्रसत होते. छोटीला भरून आलं.

"सापडले," ती म्हणाली.

"छान. आता पुढचा भाग," कर्नलबाई म्हणाल्या.

सैनिकांना बाहेर काढलं. त्यांच्या जागी पुतळे ठेवले, छातीत हवेचा पंप बसवलेले. पुन्हा ठिपके उमटले. मग कुठूनसं दुसरं ड्रोन आलं आणि तिरपं होऊन थेट तळघराच्या खिडकीत घुसलं. जमीन हादरली. धुळीचा लोट उठला.

"अपघात झाला का?" छोटीनं विचारलं.

कुणीच धावलं नाही. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"नेम अगदी अचूक," कर्नलबाई तिच्याकडे वळल्या. "एकच अडचण आहे, ताई. आतले श्वास थांबले याची खात्री हवी. नाहीतर आणखी एक ड्रोन उगाच वाया जातं. तुमच्या यंत्रात ती सोय आहेच ना?"

"ती आईला उठवायला आहे," कसंबसं ती म्हणाली.

"तीच. फक्त आवाज बंद करा आणि निरोप आमच्याकडे येऊ द्या."

परतताना गाडीत तिनं विचारलं,

"दादा, तुला माहीत होतं?"

"कागदावर शोध एवढंच होतं. पुढचं मी विचारलं नाही."

"का?"

"विचारलं असतं तर काम गेलं असतं. आपण नाही केलं तर दुसरा कुणी करणारच आहे, छोटी."

"तुझं बाळ गेलं तेव्हा..."

"त्याचं नाव काढू नकोस."

दादानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी छोटीनं कामगारांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, कुणीतरी तिची बाजू घेईल. जोडणीवरच्या मावशी मान खाली घालून म्हणाल्या, "मग आम्ही परत घरी बसायचं का, ताई?" यंत्राचे आराखडे करारानुसार कधीच सैन्याच्या हाती गेले होते. ती कारखान्यातून बाहेर पडली. कारखाना तिन्ही पाळ्यांत धडधडू लागला, आणि सैन्य ती ड्रोन युद्धातल्या एका देशाला विकू लागलं. ती प्रसूतिगृहांतली जुनी यंत्रं दुरुस्त करत हिंडू लागली. दादाचा फोन आला की दोघं आईच्या गुडघ्यांबद्दल तेवढं बोलत.

मग एका संध्याकाळी बातम्यांत त्या युद्धातल्या शहराचं एक तळघर दिसलं. भिंतीला टेकून बसलेल्या बायका मुलांना श्वास रोखून धरायला शिकवत होत्या. नव्या ड्रोनला श्वास कळतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. एक मुलगी गाल फुगवून बसली होती. तिचा चेहरा लाल झाला, आणि शेवटी न राहवून ती फसकन हसली.

छोटीनं फोन लावला.

"दादा, टीव्ही लाव."

"लावलाय," दादा म्हणाला.

फोन कुणीच ठेवला नाही.